चिमटा कुठवर काढायचा? बातम्या आणि सिनेमावरच्या चटपटीत लिखाणामागचा कायदा

प्रत्येक वर्तमानपत्रात, पोर्टलवर आणि आता यूट्यूब चॅनलवरही एक कोपरा असा असतो, जिथे भाषा जरा सैल होते. मंत्री पत्रकार परिषदेत काय बोलून गेले, कुठल्या सिनेमाचा ट्रेलर आपटला, कोणत्या हिरोने लग्नात काय घातलं होतं, कुठल्या क्रिकेटपटूने कुणाला टोमणा मारला, असा सगळा माल तिथे असतो. अग्रलेखाआधी हाच कोपरा वाचणारे वाचक पुष्कळ आहेत. लिहिणाऱ्यालाही तो आवडतो, कारण आकडे, पुरावे, दोन्ही बाजू ही झंझट इथे नाही असं त्याला वाटत असतं.

वकिलाची नोटीस आली की मग ठरलेली तीन उत्तरं बाहेर पडतात. ‘आम्ही गमतीत लिहिलं होतं.’ ‘हे आमचं वैयक्तिक मत आहे.’ ‘आम्ही नाव कुठे घेतलं?’ तिन्ही उत्तरं कच्ची आहेत. आपल्या कायद्यात गमतीला वेगळी सूट नाही. मताला आहे, आणि लोक समजतात त्यापेक्षा बरीच मोठी आहे. पण ते मत कशाच्या आधारावर बांधलंय हे वाचकाला दिसायला हवं, आणि तो आधार खरा हवा. हा सगळा विषय या एका मुद्द्याभोवती फिरतो.

सुरुवात अब्रुनुकसानीपासून करू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि जुनं कलम ४९९ आता ३५६ झालं. आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच राहिला, १८६० सालचा. शिक्षाही तीच: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नवीन भर एवढीच की न्यायालय आता समाजसेवेची शिक्षाही देऊ शकतं. हे कलमच रद्द करावं म्हणून काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मे २०१६ मध्ये न्यायालयाने ते घटनेला धरून आहे असा निकाल दिला. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यामागचं म्हणणं. माझ्या मते अब्रूसाठी दिवाणी दावा पुरेसा होता, त्यासाठी कुणाला तुरुंगाची भीती घालायची गरज नव्हती. पण कायदा तसा नाही, आणि लिहायला बसताना असलेला कायदा धरूनच चालावं लागतं.

कायद्याची पुस्तकं रटाळ असतात हा समज या कलमाला लागू नाही. व्याख्या समजावायला त्यात घड्याळचोरीची तीन छोटी उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात एक जण म्हणतो, ‘झ हा प्रामाणिक माणूस आहे, त्याने ब-चं घड्याळ कधीच चोरलं नाही,’ आणि ऐकणाऱ्याने नेमकं उलटं समजावं असा त्याचा हेतू असतो. दुसऱ्यात ‘घड्याळ कुणी चोरलं?’ या प्रश्नावर तो तोंडातून शब्द न काढता झ-कडे बोट दाखवतो. तिसऱ्यात तो झ घड्याळ घेऊन पळतोय असं चित्र काढतो. तिन्ही ठिकाणी, अपवादात बसत नसेल तर, अब्रुनुकसानी होते.

आता आपल्या सदरांकडे बघा. पहिलं उदाहरण म्हणजे उपरोध, मराठी विनोदी सदरांची मुख्य भाकरी. ‘आमचे नगरसेवक इतके सज्जन की कंत्राटदार त्यांच्या घरी नुसता चहा प्यायला येतो’ हे वाक्य स्तुतीच्या कपड्यातला आरोप आहे, आणि कायदा कपड्यांकडे बघत नाही. दुसरं उदाहरण म्हणजे बातमीखाली नाव न घेता लावलेला फोटो. तिसरं म्हणजे व्यंगचित्र, आणि आजच्या भाषेत मीम. मोबाइलचा मागमूस नव्हता तेव्हा लिहिलेलं कलम मीमलाही पुरून उरतं.

म्हणजे कुणाबद्दल काही बोलायचंच नाही का? तसं मुळीच नाही. याच कलमाला दहा अपवाद आहेत. सरकारी नोकराच्या कामाबद्दल, कोणत्याही सार्वजनिक प्रश्नात पडलेल्या माणसाच्या त्या प्रश्नातल्या वागण्याबद्दल सद्भावनेने मत द्यायला मोकळीक आहे. न्यायालयाच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत छापायला आहे. सिनेमा, नाटक, गाणी, पुस्तकं यांवर लिहिणाऱ्याने सहावा अपवाद तोंडपाठ करून ठेवावा.

हा अपवाद म्हणतो की जो पुस्तक प्रसिद्ध करतो तो ते लोकांच्या निवाड्यासमोर ठेवतो. जाहीर भाषण करणारा भाषण ठेवतो, रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपला अभिनय किंवा गाणं ठेवतो. त्या कृतीच्या गुणदोषांवर, आणि कृतीतून दिसेल तेवढ्यापुरतं कर्त्याच्या स्वभावावरही, सद्भावनेने काहीही मत देता येतं. पाठोपाठ दोन वाक्यं शेजारी ठेवली आहेत. ‘झ-चं पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे झ दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे. पुस्तक अश्लील आहे, म्हणजे त्याचं मन स्वच्छ नसावं.’ हे चालतं. आणि ‘झ-चं पुस्तक मूर्खपणाचं आणि अश्लील आहे याचं मला नवल वाटत नाही, कारण झ हा दुबळा आणि बाहेरख्याली माणूस आहे.’ हे चालत नाही.

दोन्ही वाक्यांत शिव्या जवळपास सारख्याच आहेत. फरक दिशेचा आहे. पहिल्यात लिहिणारा पुस्तकाकडून माणसाकडे जातो. पुस्तक सर्वांसमोर आहे, वाचक ते उघडून बघू शकतो आणि म्हणू शकतो की समीक्षक उगाच तुटून पडलाय. दुसऱ्यात तो माणसाकडून पुस्तकाकडे येतो. बाहेरख्यालीपणाची माहिती त्याने पुस्तकाबाहेरून आणली आहे, आणि ती खरी की खोटी हे पडताळायला वाचकाकडे काहीच नाही.

मराठी सिनेमाचं घेऊ. तुम्ही लिहिलं: ‘अडीच तासांत कॅमेरा कुठे ठेवावा हे दिग्दर्शकाला एकदाही सुचलेलं दिसत नाही. मध्यंतरानंतर लेखकाने हात टेकले आहेत. नायिकेला अभिनय करायचाय हे सांगायचं बहुधा राहून गेलं.’ दिग्दर्शक चार दिवस तुमचा फोन उचलणार नाही, पण कायद्याच्या बाजूने तुम्ही निवांत झोपा. आता त्याच परीक्षणात शेवटी एक ओळ टाकली: ‘सरकारी अनुदान लाटण्यापुरताच सिनेमा काढायचा होता, मग गोष्ट कशाला हवी?’ वाचायला ही ओळ वरच्या तिन्हींपेक्षा खुसखुशीत आहे. पण तिच्यात निर्मात्याच्या हेतूबद्दल एक विधान आहे, आणि तो हेतू पडद्यावर कुठे दिसत नाही. कागद हातात असतील तर ती स्वतंत्र बातमी करा. नसतील तर ओळ काढा.

गंमत अशी की जास्त बोचरं लिहिणारे यात क्वचित अडकतात. अडकतात ते शेवटी एक चुरचुरीत काडी टाकणारे.

आधार खरा हवा असं वर म्हटलं, त्याचं मराठी पत्रकारितेतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं उदाहरण ‘केसरी’चं आहे. ‘केसरी’ सुरू झाला जानेवारी १८८१ मध्ये. पुढच्याच वर्षी टिळक आणि आगरकर अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात गेले. प्रकरण कोल्हापूर संस्थानचं होतं. तिथल्या तरुण छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय असा बोभाटा होता, आणि कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा रोष होता. बर्व्यांच्या नावची काही पत्रं हाती आली. त्यांवर विसंबून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी बर्व्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी फिर्याद केली आणि न्यायालयात पत्रं बनावट निघाली. शिक्षा चार महिन्यांची झाली, सुटका १०१ दिवसांनी. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिलं.

दोघेही बाहेर आले ते लोकांच्या दृष्टीने मोठे होऊन. पण कायद्याच्या नजरेतून बघितलं तर मुद्दा उघड आहे. कळकळ खरी होती, प्रश्न सार्वजनिक होता, भाषा तर मराठीतल्या उत्तमांपैकी. कागद तेवढा खोटा होता, आणि त्याने सगळं कोसळलं. आज पत्रांच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला स्क्रीनशॉट असतो. तो बनवायला पत्रापेक्षा फारच कमी वेळ लागतो.

‘सद्भावना’ या शब्दाचा कायद्यातला अर्थही इथेच बघून घ्यावा, कारण तो आपल्या रोजच्या अर्थाहून वेगळा आहे. मनात पाप नव्हतं एवढ्याने तो पुरा होत नाही. योग्य ती काळजी न घेता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही, असं संहिताच सांगते. काळजी म्हणजे काय? मूळ भाषणाचा पूर्ण व्हिडिओ बघितला का, की अकरा सेकंदांचा तुकडा? ज्याच्यावर लिहितोय त्याला एक फोन केला का? त्याने उचलला नसेल तर केव्हा केला होता हे टिपलं का? ही टिपणवही पुढे साक्षीदारासारखी उभी राहते. हलक्याफुलक्या सदरासाठी एवढी उस्तवार कोण करतो, हा प्रश्न मला अनेकदा ऐकू येतो. टोला ज्याला लागतो त्याला तो सदरात लागला की पहिल्या पानावर, याने काही फरक पडत नाही.

खरं असलं म्हणजे झालं, असंही सरळ नाही. दिवाणी दाव्यात विधान सत्य आहे हे सिद्ध केलं की बचाव पुरा होतो. फौजदारीत मात्र सत्य असावं आणि ते प्रसिद्ध होणं लोकहिताचं असावं, अशा दोन अटी आहेत. एखाद्या मालिकेतल्या नटीचा जुना घटस्फोट खरा असेलही. तो आज उकरून काढण्यात लोकांचं कोणतं हित आहे, हे तुम्हाला सांगावं लागेल. ‘लोकांना वाचायला आवडतं’ हे उत्तर धरलं जात नाही.

आता ‘नाव कुठे घेतलं?’ याबद्दल. नाव घेणं ही अटच नाही. वर्णनावरून ओळखणाऱ्याला ओळखता आलं की पुरतं. ‘दादरच्या एका नाट्यनिर्मात्याचे धाकटे चिरंजीव, ज्यांचं नुकतंच तिसरं नाटक बंद पडलं,’ असं लिहिल्यावर नाट्यसृष्टीतल्या चारशे माणसांना नाव कळतं, आणि त्या चिरंजीवांची अब्रू असते ती त्याच चारशे माणसांत. दुसरी पळवाट ‘म्हणे’ची. ‘दोघांचं फाटलंय म्हणे,’ ‘अशी कुजबुज आहे,’ ‘सूत्रांकडून कळतं.’ अफवा दुसऱ्याची असली तरी ती छापणारे तुम्ही, त्यामुळे जबाबदारीही तुमचीच. मथळ्याच्या शेवटचं प्रश्नचिन्हही फारसं वाचवत नाही. ‘अमुक यांनी पैसे खाल्ले?’ या मथळ्याने वाचकाच्या मनात जे उतरायचं ते उतरतंच. आणि पोटात पाच वेळा ‘कथित’ लिहून मथळ्यात ठाम विधान केलं असेल, तर त्या पाच शब्दांचा उपयोग वकिलाला फी घेताना होतो.

कंपनी, संस्था, गट यांचीही अब्रुनुकसानी होऊ शकते. मेलेल्या माणसाचीही होते, जर लिखाण त्याच्या जिवंतपणी त्याची अब्रू घालवणारं ठरलं असतं आणि जवळच्यांना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल तर.

मोठ्या माणसांच्या खासगी आयुष्याचं काय? त्याचा पाया १९९४ चा. तमिळनाडूतल्या ‘नक्कीरन’ साप्ताहिकाला फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मचरित्र छापायचं होतं. त्यात काही पोलीस अधिकाऱ्यांची नावं येणार होती, म्हणून सरकार आडवं आलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसिद्धीआधी असं रोखण्याचा अधिकार सरकारला नाही. सार्वजनिक दस्तऐवजांत जे आलंय त्यावर लिहायला परवानगी लागत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव मात्र याला अपवाद. आणि लग्न, कुटुंब, मुलं, आजारपण या गोष्टींत माणसाला एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे. कुणी आपणहून वादात उडी घेतली तर तो हक्क सैलावतो. म्हणून नटाने स्वतः मुलाखतीत लग्नावर वीस मिनिटं बोलल्यावर त्या वीस मिनिटांवर लिहिणं वेगळं, आणि त्याच्या मुलाच्या शाळेच्या फाटकावर कॅमेरा लावणं वेगळं.

करमणुकीची बातमी आणि गुन्ह्याची बातमी एकमेकींत मिसळल्या की काय होतं हे मुंबईने २०२० मध्ये जवळून पाहिलं. सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू जूनमध्ये झाला आणि पुढचे काही महिने स्टुडिओंनी तपास, फिर्याद आणि निकाल तिन्ही खाती चालवायला घेतली. ‘आज तक’ने त्याच्या नावावर खोटी ट्वीट दाखवली, म्हणून वाहिन्यांच्याच नियामक मंडळाने एक लाख रुपये दंड ठोठावला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना चालवल्या जाणाऱ्या माध्यम-खटल्यांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि दोन वाहिन्यांचं काही वार्तांकन सकृतदर्शनी न्यायालयाच्या अवमानाचं असल्याचं म्हटलं. एक लाखाने कुठल्या वाहिनीला फरक पडतो, ही शंका रास्त आहे.

शब्दांनंतर चित्रं. चटपटीत लिखाण फोटोशिवाय चालत नाही, आणि इथे अज्ञान फार आहे. ‘फोटो सौजन्य: गूगल’ ही ओळ तर विनोद म्हणून जपून ठेवावी अशी. गूगल फोटो काढत नाही. सर्वसाधारणपणे फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा असतो. नोकरीत काढला असेल तर वर्तमानपत्राच्या मालकाचा, पैसे देऊन काढून घेतला असेल तर काढून घेणाऱ्याचा. फोटोत जो दिसतो त्याचा नव्हे. अमेरिकेत जीजी हदीद या मॉडेलने रस्त्यावर कुणी काढलेला स्वतःचाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, म्हणून २०१९ मध्ये एका फोटो एजन्सीने तिच्यावर दावा लावला होता. त्या एजन्सीला हक्काची नोंदणी वेळेत मिळालेली नव्हती, म्हणून दावा फेटाळला गेला. भारतात हक्कासाठी नोंदणी लागतच नाही. तेव्हा तारकेच्या खात्यावरून उचललेला फोटो तिचा आहे असं धरून चालू नका. आणि श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे.

तरीही दार बंद नाही. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आणि त्याचं कलम ५२ सांगतं की समीक्षा, परीक्षण किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी दुसऱ्याची कृती वाजवी प्रमाणात वापरता येते. वाजवी म्हणजे किती? ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. ही शुद्ध लोककथा आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका प्रकरणात कसोट्या सांगितल्या त्या आजही कामी येतात. थोपिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं होतं, आणि त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि संवादही घेतले होते. न्यायालयाने पाहिलं की किती आणि किती महत्त्वाचं उचललं, कशासाठी उचललं, आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक त्यामुळे तुटणार का. उचलणं टीकेसाठी होतं, म्हणून ते चाललं.

तर सिनेमातला एक संवाद दाखवून ‘हा असा का पडला’ हे सांगणं टीका झाली. सिनेमाचा क्लायमॅक्स अख्खा दाखवून वर ‘काय सीन आहे राव!’ एवढंच लिहिणं ही चोरीच, भले त्यात कौतुक असो. प्रत्यक्षात मात्र न्यायालयापर्यंत जायच्या आधीच खेळ संपतो. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाचे इशारे, आल्या की चॅनल बंद व्हायची वेळ येते. मे २०२५ मध्ये ‘एएनआय’ वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या चित्रफिती वापरल्यामुळे स्ट्राइक आल्याची आणि परवान्यासाठी लाखोंची रक्कम मागितल्याची तक्रार काही यूट्यूबरांनी केली. आपण आपला कायदेशीर हक्क बजावतोय, असं संस्थेचं म्हणणं. कलम ५२ तुमच्या बाजूने असेलही, पण ते सिद्ध होईपर्यंत चॅनल जिवंत राहिलं पाहिजे. कायदा आणि व्यासपीठाचे नियम यांतली ही फट आज छोट्या प्रकाशकांना सर्वांत जास्त भोवते, आणि तिच्यावर बोलणारे फार थोडे आहेत.

गेल्या काही वर्षांत तिसरी एक गोष्ट आली आहे: प्रसिद्ध व्यक्तीचा स्वतःच्या नावावरचा, आवाजावरचा, लकबीवरचा हक्क. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून असा आदेश मिळवला. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांनी नाव, चेहरा, आवाज यांबरोबर ‘झकास’ही संरक्षणात आणलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या मिसळीलाही झकास म्हणत आलो, आता काय करायचं, असा प्रश्न साहजिक आहे. काही करायचं नाही. आदेश आहे तो त्यांची छबी आणि ढब वापरून माल विकणाऱ्यांविरुद्ध, खोटे व्हिडिओ बनवणाऱ्यांविरुद्ध. बातमी, उपहास, विडंबन, खरीखुरी टीका यांना मोकळीक आहे, हे त्याच आदेशात म्हटलंय.

मे २०२४ मधलं जॅकी श्रॉफ यांचं प्रकरण आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे. ‘भिडू’ आणि त्यांची ती बेफिकीर बोलण्याची शैली घेऊन कुणी वस्तू विकत होतं, कुणी चॅटबॉट बनवला होता. त्यातल्या बऱ्याच गोष्टी दिल्ली उच्च न्यायालयाने थांबवल्या. पण एका यूट्यूबरने त्यांच्या मुलाखतीतले तुकडे जोडून, वर काळा चष्मा आणि संगीत चढवून ‘ठग लाइफ’ छापाचा व्हिडिओ केला होता, तो लगेच उतरवायला न्यायालयाने नकार दिला. मीम आणि विडंबन हा तरुणांच्या अभिव्यक्तीचा प्रकार आहे, तो सरसकट बंद केला तर चुकीचा पायंडा पडेल, असा त्यामागचा विचार. २०२३ मध्ये खेळाडूंची नावं आणि आकडेवारी वापरण्याच्या वादातही त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की जी माहिती लोकांसमोर आहे तिच्यावर एकाची मक्तेदारी चालत नाही. थोडक्यात, रोहित शर्मांच्या धावांवर लिहा, हसा, रडा. त्यांच्या चेहऱ्याचा कप विकू नका.

मोठी कंपनी अंगावर आली तर? २०११ मधलं एक उदाहरण मला फार आवडतं. ओडिशातल्या, टाटांची भागीदारी असलेल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडली कासवांना धोका आहे, म्हणून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने एक संगणकी खेळ काढला: कासव पळतंय आणि टाटांचं बोधचिन्ह त्याच्या मागे लागलंय. टाटांनी दहा कोटींचा दावा लावला आणि खेळ ताबडतोब बंद करा अशी मागणी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. अतिशयोक्ती आणि टिंगल ही टीकेची हत्यारंच आहेत, बोधचिन्ह टीकेसाठी वापरलंय, माल विकण्यासाठी नाही. मार्च २०२४ मध्ये ‘ब्लूमबर्ग’ ही वृत्तसंस्था आणि ‘झी’ कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही खालच्या न्यायालयांना बजावलं की खटला चालण्याआधीच लेख उतरवायला लावणं हा अपवाद असावा. निव्वळ धाकदपटशासाठी दावे ठोकण्याची जी पद्धत पडली आहे, तिचीही दखल तिथे घेतली गेली.

मग नोटीस आली तर जबाबदार कोण? कुठल्याही छापील अंकाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ असते, मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक फलाणा. ती शोभेची नसते. संपादक म्हणून ज्याचं नाव छापलंय, मजकूर त्याच्या नजरेखालून गेला असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं हे त्याला दाखवावं लागतं. त्याच पानावर ‘लेखकाच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असं नाही’ असंही छापतात. त्या वाक्याने मतभेद नोंदला जातो, जबाबदारी टळत नाही. अब्रुनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे, म्हणजे नुसत्या तक्रारीवर पोलीस दारात येऊन उचलत नाहीत. फिर्यादीला दंडाधिकाऱ्यासमोर जावं लागतं, आणि नव्या कायद्याप्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणंही ऐकावं लागतं. फिर्यादीला त्यासाठी तीन वर्षं मिळतात, दिवाणी दाव्याला एक वर्ष.

नोटीस म्हणजे निकाल नव्हे. पुष्कळ नोटिसा मजकूर घाबरून उतरवला जावा एवढ्यासाठीच असतात. पहिली गोष्ट, मजकूर गुपचूप बदलू नका. आहे तसा जपून ठेवा, टिपणं आणि दुवे गोळा करा. चूक असेल तर मूळ मजकूर जिथे आला तिथेच, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती छापा. पान अकरावर, राशिभविष्याखाली नाही. माफीने गुन्हा आपोआप पुसला जात नाही, पण तिचं वजन पडतं. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका बुलेटिनमध्ये १९९४ साली वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधींवरची कविता छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. प्रकाशकाने आधीच बिनशर्त माफी छापली होती, म्हणून त्याला मोकळं केलं. कवीवरचा खटला मात्र, एकवीस वर्षांनी, पुढे चालू राहिला.